बा जेरेंचं राहिलेलं भांडण

लॅकसन जेरे स्ट्रेचर ढकलायच्या नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते आणि इस्पितळाच्या चाकांना तेल होतं. आता दोन्हींची बोंब होती. पण एन्डोला शहरातल्या त्या सरकारी इस्पितळात लहानथोर सगळे त्यांना मानानं बा जेरे म्हणत, आणि त्यांच्या स्ट्रेचरची कुरकुर लांबून ऐकू आली तरी वॉर्डात हसायला सुरुवात होई.

वॉर्डापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत एक लांबच लांब पडवी आहे, मध्ये एक चढ. माणूस खरा घाबरतो तो तिथे. घरचे मागे राहिलेले असतात, भूल अजून मिळालेली नसते आणि डोळ्यांसमोर नुसता छताचा पत्रा. बा जेरे डोक्याशी उभे राहून ढकलत, त्यामुळे पेशंटला त्यांचा चेहरा उलटा दिसे. आणि पेशंट बेम्बा जमातीचा असला, तर तो उलटा चेहरा त्याला यथेच्छ शिव्या घालत असे.

कारण बा जेरे न्गोनी जमातीचे. न्गोनींचे आणि बेम्बांचे पणजे एकमेकांशी लढले, लढून लढून कंटाळले, आणि तेव्हापासून दोघांचं थट्टेचं नातं ठरलं. न्गोनीनं बेम्बाला माकडखाऊ म्हणायचं, बेम्बानं न्गोनीला उंदीरखाऊ, एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, आणि रागावला तो हरला. हे नातं मयतातही सुटत नाही. घरचे रडत असतात तेव्हा या थट्टेच्या भावंडांनी मेलेल्याची खोडी काढायची, शवपेटीची वाट अडवायची, रडणाऱ्यांना हसवायचं. कोणीतरी हे करायलाच हवं, नाहीतर मयत ओकंबोकं वाटतं. इतर जमातींच्या पेशंटांना बा जेरे चर्चमधली गाणी म्हणत नेत. त्यांचा आवाज ऐकून ते बिचारे जास्तच घाबरत, पण त्याला इलाज नव्हता.

त्यांचा स्वतःचा एक नियम होता. ज्यानं नेलं, त्यानंच परत आणायचं. जेवणाची सुट्टी असली तरी आपला पेशंट बाहेर येईपर्यंत ते थिएटरच्या दाराशी बसून राहत.

बाना बुपे, म्हणजे बुपेची आई, एक बेम्बा म्हातारी, कमरेचं हाड मोडून वॉर्डात आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. थिएटरला जायचं नाव काढू देईना. "माझी बहीण गेली होती त्या दारातून. आली का परत?" एवढंच बोले. लेकीनं, बुपेनं, हातापाया पडून पाहिलं. सिस्टरनी समजावलं. शेवटी बा जेरे स्ट्रेचर घेऊन आले आणि म्हातारीकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! हिला उचलायला क्रेन मागवा कोणीतरी. माकडं खाऊन खाऊन बघा कशी सुटलीय!"

म्हातारीनं सावकाश मान वळवली.

"उंदीरखाऊ आला वाटतं," ती म्हणाली. "दातात शेपूट अडकलंय रे तुझ्या. आधी ते काढ, मग बायकांशी बोल."

सगळा वॉर्ड खो खो हसला. बुपे तर हसता हसता रडायलाच लागली, कारण आईला असं बोलताना तिनं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या गडबडीत म्हातारी स्ट्रेचरवर कधी आली ते तिचं तिलाही कळलं नाही.

पडवीभर दोघांची जुंपली.

"तू मेलीस तर काळजी करू नकोस," बा जेरे म्हणाले. "मयताला मी हजर. कोंबडीची तंगडी माझी."

"तंगडी? तुला मानसुद्धा मिळायची नाही! लेकीला सांगून ठेवते, याला दोन उंदीर भाजून घाला."

चढावर बा जेरेंना धाप लागली.

"ये म्हाताऱ्या, तू झोप इथे," ती म्हणाली. "मी ढकलते."

थिएटरच्या दाराशी बा जेरेंनी तिच्या कमरेला गुंडाळलेलं चितेंगेचं कापड नीट पायांवर ओढलं. "भांडण राहिलं बरं का आपलं. परत नेताना पुरं करू."

"तुला द्यायला एक झकास उत्तर सुचलंय मला," म्हातारी डोळे मिचकावत म्हणाली. "पण आत्ता नाही द्यायची. परत नेताना."

ती परत आली नाही. म्हातारं हृदय, डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण मध्येच थांबलं ते थांबलंच. अशा वेळी न्यायची गाडी वेगळी असते, झाकणाची. बा जेरेंनी ती आयुष्यभर ढकलली होती. त्या दिवशी मात्र त्यांचे हात उठेनात. दुसऱ्या माणसाला पाठवून ते चादरींच्या खोलीत जाऊन बसले. आपली जीभ काळी, आपणच बोललो 'मेलीस तर', हे त्यांच्या मनानं धरलं ते सोडेचना. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका तरण्या बेम्बा पेशंटला थिएटरला नेलं, तोंडातून अवाक्षर न काढता. तो पोरगा पडवीभर थरथरत होता. बा जेरेंना ते दिसत होतं, आणि तरी शब्द फुटत नव्हता.

थिएटरच्या दाराशी बुपेनं त्यांना गाठलं. डोळे सुजलेले, डोक्याला फडकं.

"बा जेरे, कुठे लपलात तुम्ही? घरी सगळे नुसते रडतायत."

"पोरी, मीच तिला म्हणालो होतो..."

"म्हणालात. म्हणून तर ती हसत गेली आत. मी तिला रडत जाताना बघितलं असतं तर मी काय केलं असतं?" बुपेनं त्यांची बाही धरली. "आमच्या गल्लीत एक न्गोनी घर होतं, तेही लुसाकाला गेलं. तिला शिव्या द्यायला कोणी नाही. अशीच पुरायची का तिला, मुकाट्यानं?"

"माझ्याच्यानं व्हायचं नाही गं."

"म्हणजे थट्टा मनाला लावून घेतलीत, रागावलात. रागावला तो हरला, बा जेरे. सांगू का सगळ्या वॉर्डाला, उंदीरखाऊ हरला म्हणून?"

दफनभूमीच्या वाटेवर शेवटी थोडा चढ होता. मंडळी पेटी खांद्यावर घेऊन निघाली आणि बायकांचा आक्रोश वाढला. तेवढ्यात इस्पितळाच्या निळ्या कोटातला एक टकला म्हातारा धावत पुढे आला आणि वाटेत आडवा हात करून उभा राहिला.

"थांबा! ही बाई माझं देणं लागते. उत्तर देते म्हणाली होती परत नेताना. घेतल्याशिवाय हलू द्यायचा नाही मी." त्यांनी पेटीवर टकटक केलं. "काय गं माकडखाऊ, बोल की आता! एवढं तोंड चालत होतं तुझं! मी दाराशी बसून होतो गं, तुझी वाट बघत..."

थट्टा करायला आलेला माणूस ढसाढसा रडत होता. लोक हसायच्या तयारीत होते, ते तसेच अडकून राहिले.

बुपे बायकांमधून पुढे आली. तिनं डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवले, अगदी आईसारखे.

"आई म्हणतेय, उंदीरखाऊ, चढ आलाय. बोलू नकोस, धाप लागेल. गप्प ढकल."

हशा पिकला. रडणाऱ्या म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर रेलून हसायला लागल्या. बा जेरेही हसले, नाक ओढत. मग त्यांनी पुढच्या माणसाला बाजूला केलं, पेटीच्या डोक्याकडची बाजू खांद्यावर घेतली, आणि आपल्या पेशंटला घेऊन ते चढ चढू लागले.