राक्षसाची एक वहाण

"वारले कधी?"

कुठल्याही लेखकाचं नाव काढा, काकांचा पहिला प्रश्न हाच. गोष्ट कशी आहे, नायक कोण, हे सगळं नंतर. आधी लेखक नीट, कायदेशीर मेलेला हवा. त्याला जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं लिखाण साऱ्या जगाचं. कुणीही उचलावं, सिनेमा करावा. एकोणसाठच झाली असतील तर काका हळहळायचे, "अजून जिवंतच म्हणायचा." एका समारंभात नव्वदीचे एक कवी भेटले. काकांनी त्यांचा हात हातात घेऊन इतक्या आस्थेनं तब्येत विचारली की म्हातारबुवा गहिवरले. काका मनात बेरीज करत होते, हे फक्त मला ठाऊक.

नोएडातल्या एका काचेच्या इमारतीत आमची कंपनी मोबाइलवर बघायचे सिनेमे काढते. मी तिथे हिंदी संवाद लिहितो आणि काका जुन्या गोष्टींच्या पटकथा लिहायचे. राजे, चेटकिणी, बोलणारी झाडं, अशी लाखभर मंडळी त्यांनी स्मशानातून उठवून कामाला लावली असतील. आवाज असा, की ते गाझियाबादेत घरी शिंकले तर आमच्या सेक्टरातली कुत्री उठून बसावीत. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, तेवढ्याच नात्यानं ते माझे काका. माझ्या डब्यातली भाजीही त्यांना साठ वर्षांपूर्वीची वाटत असणार, कारण ती ते न विचारता घेत.

नव्या पोरांना मात्र दम भरायचे. "गोष्ट घ्यायची ती सगळ्यांत जुन्या पुस्तकातून. मधे कुणी स्वतःची फोडणी घातली असेल, तर तिला हात लावायचा नाही. रस्सा सगळ्यांचा, फोडणी ज्याची त्याची." पोरं माना डोलवायची आणि इंटरनेटवरून फोडणीसकट उचलायची. मग काकांचा आवाज पार्किंगपर्यंत.

अशा माणसाला एक गोष्ट फार प्रिय होती. कुठल्याशा जीर्ण संग्रहातली, पानभराची. बारवेत एक राक्षस राहतो, सकाळी बाहेर पडून गावातली माणसं खातो, शेवटी गावकरी त्याला दगडमाती लोटून बुजवतात. संपली. काकांनी काय केलं, राक्षसाला एक मुलगी दिली. चार-पाच वर्षांची. बाप शिकारीला निघाला की ती त्याची एक वहाण लपवते. एका वहाणेनं राक्षस जाणार कसा? तो बारव धुंडाळतो, गर्जना करतो, ती खुदुखुदु हसते. ऊन चढतं, बाप दमून बसतो, आणि त्या दिवशी गावात कुणी मरत नाही.

काकांनी हे वाचून दाखवलं तेव्हा आमचा निर्माता रडला. स्वतःच्या लग्नात सप्तपदीच्या अटी कमी करून घेतलेला हा माणूस, पण रडला. सिनेमा पक्का झाला.

मग कंपनीच्या वकीलबाईंनी पटकथा आणि जुनं पुस्तक शेजारी ठेवून वाचलं.

"सर, ये लड़की किताब में नहीं है. कहाँ से आई?"

"मेरी है," काका म्हणाले.

"पहले कहीं लिखी थी?"

लिहिली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कंपनीसाठी, हीच गोष्ट. तो सिनेमा कधी झालाच नाही, पण काकांनी पटकथा विकली होती, तिच्यातल्या सगळ्या हक्कांसकट. आम्ही त्या कंपनीला विचारलं. त्यांनी मुलगी द्यायला नकार दिला. स्वतः बनवणार नाहीत, दुसऱ्याला देणार नाहीत.

काकांच्या डोक्यात ते शिरेचना. "अरे, पण गोष्ट तर सगळ्यांची आहे."

"गोष्ट सगळ्यांची, काका. मुलगी तुम्ही घातलेली. फोडणी," मी म्हणालो आणि जीभ चावली.

राक्षस कुणीही घ्यावा, बारव कुणीही घ्यावी. जे काकांच्या पदरचं होतं, तेवढंच काकांना वापरायची मनाई.

निर्माता समजुतीनं म्हणाला, "सर जी, लड़की की जगह तोता कर दो. तोता किसी का नहीं होता."

आम्ही खाली टपरीवर आलो. काका चहा न पिता नुसता धरून उभे होते.

"कुठून आली विचारत होती ना ती बाई? गाझियाबादहून आली. आमची रोज सकाळी माझा एक बूट लपवायची. कधी कूलरच्या मागे, कधी कणकेच्या डब्यात. मी ऑफिसला जाऊ नये म्हणून." मग म्हणाले, "डेंग्यूनं गेली."

मी या माणसाला जन्मभर ओळखत असल्याच्या थापा मारत आलो होतो. मुलगी होती, हे मला माहीत नव्हतं.

"तुझ्या काकूला सांगून बसलोय, पोर पडद्यावर येणार म्हणून. तिनं फोटो बाहेर काढलाय रे, इतक्या वर्षांनी."

"मग पोपट लिहू नका. नाही म्हणा."

"दुसरा कुणी लिहील. कसाही खोडेल तिला." त्यांनी चहा ओतून टाकला. "माझ्याच हातानं जाऊ दे."

पोपट त्यांनी लिहिला, आणि सांगायला लाज वाटते, फक्कड लिहिला. लोक अजून त्याचे संवाद एकमेकांना पाठवतात. घरी मात्र काका अखेरपर्यंत सांगत राहिले, सगळं छान चाललंय, पूर्ण झालं की सोबत बघू. सिनेमा यायच्या आधीच, दिल्लीच्या त्या धुरकट थंडीत, त्यांची छाती भरली आणि ते गेले.

सिनेमा आल्यावर मी गाझियाबादला गेलो. काकूंनी पाणी दिलं, चष्मा पुसला आणि समोर बसल्या.

"मला त्या मोबाइलमधलं काही कळत नाही. तिचा भाग तेवढा लाव."

मी थापांवर पोट भरणारा माणूस. पण 'नेट नाहीये काकू' एवढीही थाप सुचेना. मी लावलं.

राक्षस उठला. खांद्यावर पोपट बसला, काहीतरी चुरचुरीत बोलला. काकू हसल्या नाहीत. त्या वाट बघत होत्या. राक्षस बारवेच्या पायऱ्या चढून वर आला आणि गावाच्या दिशेनं चालू लागला.

"थांबव."

मी थांबवलं. काकूंनी काचेवर त्याच्या पावलांपाशी बोट ठेवलं.

"दोन्ही आहेत की रे पायात," त्या म्हणाल्या. "म्हणजे हा आज जाणार."