मावशीच्या ओळखीवर मिळालेली सायकल

सातवीत शाळा सोडली आणि सतराव्या वर्षी देवगडहून जोगेश्वरीला आलो. मरोळच्या एका कारखान्यात खोकी बांधायचं काम मिळालं. चालत जायचो. दोनदा उशीर झाला तेव्हा मुकादम म्हणाला, "आता तिसऱ्यांदा आत घेणार नाही." ही गोष्ट ऐंशी सालची, एकदोन वर्षं इकडेतिकडे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. मागच्या मडगार्डवर पिवळा पट्टा, त्यावर काळा नंबर. पण दुकानदार अनोळखी माणसाला सायकल देत नसे.

"ओळख आण कोणाची तरी," म्हणाला.

मला मुंबईत ओळखणारी एकच व्यक्ती होती, जिच्या खानावळीत मी जेवायचो ती मावशी. आमच्याच गावाकडची. पिठाचे हात तसेच घेऊन ती दुकानापर्यंत आली. "ह्येका दी सायकल," तिने सांगितलं. "काय झाला तर माका विचार." गावी मला कोणी होडीचं वल्हंही हातात दिलं नव्हतं.

मला अकरा नंबर मिळाली. दुकानदार हवा भरता भरता मरोळ नाक्याबद्दल, तिथल्या त्याच्या भावाबद्दल भराभर काहीतरी बोलला. "समजलं ना?"

मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं. शाळेतही मी अशीच मान हलवायचो.

त्या दिवशी मी दहा मिनिटं आधी पोहोचलो. सायकल गेटाजवळच्या झाडाला टेकवली, कुलूप लावलं, चावी खिशात घातली. संध्याकाळी बाहेर आलो तर झाड होतं, सायकल नव्हती.

वॉचमन म्हणाला, "मुंबई आहे बाबा. नुसती सीट राहिली असती तरी नशीब म्हणायचं."

पळत जाऊन दोन गल्ल्या बघितल्या. मग चालत निघालो. वाटेत मनात आलं, सरळ गावाची एसटी पकडावी. पण मग दुकानदार कोणाकडे जाणार? माझ्याकडे नाही. पीठ लागलेले ते हात डोळ्यांसमोरून हलेनात.

म्हणून आधी खानावळीतच गेलो. मावशी चपात्या लाटत होती.

"तोंड कित्याक उतारला तुजा?"

सांगितलं. चावी तिच्या समोर ठेवली. ती लाटणं ठेवून उठली. "चल," एवढंच म्हणाली. रस्ताभर ती पुढे, मी मागे. वाटलं, एकदा तरी रागावली असती तर बरं झालं असतं.

दुकानासमोर सायकली ओळीने उभ्या होत्या. तिसरी अकरा नंबरची. मी मडगार्डवरचा आकडा बोटाने चाचपून बघितला.

दुकानदार मला बघून म्हणाला, "आले का राजे! चावी घेऊन दिवसभर फिरतोयस होय रे? सकाळी काय सांगितलं होतं? मरोळ नाक्यावर माझ्या भावाचं दुकान आहे, सायकल तिथे सोडायची, संध्याकाळी तिथून मिळेल ती घेऊन यायची. पिवळ्या पट्ट्याच्या सगळ्या सायकली आमच्याच. भावाला झाडाखाली ही दिसली, त्याच्याकडे दुसरी चावी असते, त्याने इकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिली. सकाळी मान कशाला डोलावलीस मग?"

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. एकदम कडकडून भूक लागली.

मावशी दुकानदाराला म्हणाली, "पोरगो नवीन हा. उद्या परत दी." मग माझ्याकडे वळून, "ऊठ रे मेल्या, चपात्यो थंड होतत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानदाराला विचारलं, भावाचं दुकान नाक्याच्या कुठल्या बाजूला. त्याने सांगितलं. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं आणि अकरा नंबर ओळीतून बाहेर काढली.