क्रॉसिंगला थांबलेली गाडी

कोल्हापूर स्टेशनात शिरणाऱ्या गाडीच्या तापलेल्या ब्रेकचा वास आला, की मला वडिलांच्या हातातला तांब्या दिसतो.

आजारी आईला आम्ही पॅसेंजरनं मिरजेच्या दवाखान्यात नेत होतो. वाटेत एका लहान स्टेशनावर गाडी उभी राहिली. आईला पाणी हवं होतं. शेजारचा माणूस वडिलांना म्हणाला, "पावणं, उतरू नका. हितं थांबा न्हाय, क्रॉसिंग हाय. समोरची गाडी गेली की आपली हलतीया."

वडील तरी नळाकडं पळाले. चालत्या गाडीत चढले तेव्हा तांब्यात घोटभरच पाणी उरलं होतं.

"आधी तुम्ही घ्या, दमलायसा," आई म्हणाली. तेव्हा मला दोघांचाही राग आला होता.

आई दवाखान्यातच वारली. परतताना त्याच स्टेशनावर क्रॉसिंग बरंच लांबलं. नळ समोरच होता. वडील रिकामा तांब्या मांडीवर धरून बसून राहिले.