व्याह्यांनी नेलेला बियाण्याचा भोपळा

परवा रविवारी भर उन्हात आमच्या मळ्यात व्याही आले… आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

मळा म्हणजे घोडेगावच्या अलीकडे, घरामागचा चार-पाच वाफ्यांचा तुकडा. गवार, भेंडी कशीबशी तग धरून आहेत. कडेला खड्डे खणून, शेणखत घालून तापत ठेवलेत… आषाढात त्यात दुधी भोपळा लावला की दसऱ्याला वेल भरतो.

हा दुधी साधा नाही हो. चौथीत गुरुजींनी शाळेच्या बागेतलं बी प्रत्येकाच्या मुठीत दिलं होतं. कवितेचा तास त्याच वेलाच्या मांडवाखाली व्हायचा… पानांतून ऊन पुस्तकावर सांडायचं आणि आम्ही तालात म्हणत राहायचो. बाकीच्यांचं बी कधीच गेलं. माझ्याकडे दरवर्षी उगवत आलंय.

यंदा वानरांनी मांडव पार उलथा केला, एकच फळ वाचलं. ते बियाण्याला वेलावरच जून होऊ दिलं आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याला चुन्याचं बोट लावलं. चुना लावलेल्या फळाला घरातलं कुणी हात लावत नाही.

व्याही पुण्याचे, थोरल्याचे सासरे. फोटो काढत काढत मांडवापाशी गेले, "वा, केवढा हा!" म्हणाले आणि देठ पिरगळून मोकळे! वर "कावळ्यानं घाण केलीय वाटतं," म्हणत चुना रुमालानं पुसला.

बायको शेजारीच. तिनं पाहिलं आणि नुसता पदर सावरला. आणि मी? मी तो भोपळा हसत हसत त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवला… व्याही ना!

गाडी वळणाआड गेली आणि मी पेटलो.

"तू बोलली का नाय?"

"आन् तुमी वो? तुमीच उचलून दिला की! व्याह्याच्या हातातनं भोपळा हिसकावू व्हय? पोराला सासुरवाडीत तोंड दाखवायचं हाय!"

संध्याकाळभर त्या रिकाम्या खड्ड्यांपाशी बसलो. एरवी तिथं शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर येतात… त्या दिवशी नुसत्या शिव्या येत होत्या. व्याह्यांना, वानरांना, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या गोड हसण्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांचाच फोन. "अहो, भोपळा फारच जून निघाला हो! सुरी चालेना. शेवटी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला."

माझा तोल गेला. "पावणं, खायचा नव्हताच तो, बियाण्याचा व्हता! न विचारता तोडलाच कसा? उद्या मी येऊन तुमच्या देव्हाऱ्यातला देव उचलून नेला तर चालंल?"

बायको फोन ओढायला धावली. तोवर पलीकडून कट…

"झालं समाधान?" ती म्हणाली. "लई ग्वाड सोयरीक व्हती. घातली भोपळ्यात!"

दुपारी व्हिडिओ कॉल आला. व्याही पार्किंगमध्ये, हातात रबरी मोजे, घामाघूम. मागे कचऱ्याचा डबा आडवा केलेला, आणि ओंजळीत चिरफळलेला भोपळा.

"व्याही, ओरडायचं तर ओरडा. पण आधी सांगा, बी कसं काढू? माझ्या हातून वाया जायला नको."

मी ओरडतच सांगितलं. गर धुऊन काढा, सावलीत वाळवा, उन्हात टाकलंत तर याद राखा! ते शाळेतल्या पोरासारखे प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत होते.

राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण सोयरीक झाल्यापासून आम्ही एकमेकांशी नुसतं शाल-श्रीफळाचं बोलत आलो… भांडलो तेव्हा कुठे त्या कचऱ्याच्या डब्यापाशी मला माझे व्याही भेटले.

आषाढात बी घेऊन या म्हटलंय, आपण दोघं मिळून लावू. मात्र विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हेही ओरडूनच सांगितलंय!