बोर्ड बरा आहे

अमेरिकेत ॲन आर्बरजवळच्या टेकडीवर मी बारा हिवाळे बर्फावर स्नोबोर्ड करतोय. तिथल्या कसरतींच्या पार्कात लोखंडी रेलवरून घसरायचं, हवेत गिरकी घेऊन पाठमोरं उतरायचं, हे आता सवयीचं झालंय. म्हणून ओळखीच्या दुकानदारानं एक नवा बोर्ड चालवून बघायला दिला आणि एकच प्रश्न विचारला, "पार्कात मुरलेल्यांना हा घ्या म्हणून सांगू का?"

तीन शनिवार गेले, तरी मला उत्तर देता येईना. रेलवर बोर्ड मस्त सरकायचा, पण मोठ्या उडीनंतर टेकला की थरथरायचा. बूट बोर्डाला अडकवायचे बाइंडिंग मागे घेतले, पुढे आणले, कडा घासल्या. नुसती चिडचिड! जेवतानाही टेबलाखाली माझे पाय गिरकी घेत होते.

"अरे, पण आहे कसा तो?" बायकोनं वैतागून विचारलं.

"बरा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बरा. उद्या परत एकदा बघून येतो."

भात वाढता वाढता ती थांबली. "मला बघून घरी गेल्यावरही 'बरी आहे' एवढंच म्हणाला होतास. तुझ्या आईनंच सांगितलंय. तेव्हा नाही आलास परत एकदा बघायला!"