मोलिझेतली ओटी

माझ्या सासूबाई, जयवंती, आचोळ्याला तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट वापरणाऱ्यांना आळशी म्हणतात. क्षितिजा, म्हणजे माझी बायको, तीन वर्षांची असताना न्यूमोनियातून जेमतेम वाचली. तेव्हा सासूबाईंनी विरारच्या जीवदानीला नवस बोलला, दर नवरात्रात पायी चढून तुझी ओटी भरीन. सत्तावीस वर्षं त्या तेराशेच्या वर पायऱ्या चढल्या. मी एकदाच बरोबर गेलो आणि अर्ध्यावर सरबतवाल्याकडे बसून राहिलो. हे त्या अजून पाहुण्यांना सांगतात.

गेल्या वर्षी सासरे गेले. त्या नवरात्रात घरात दुःख होतं, म्हणून ओटी राहिली. यंदा सासूबाईंनी नवा खण आणून ठेवला होता, तेवढ्यात शेजारच्या सुरुचीताई येऊन अगदी मायेनं म्हणाल्या, "जयवंतीताई, आता ओटी दुसऱ्या कुणाच्या हातून भरा हं. सवाष्णीचं काम ते." सासूबाईंनी त्यांना चहा दिला, खारी दिली आणि पुढचे दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मला भयंकर राग आला. राग आला की मी काहीतरी बुक करतो. नवरात्रातली इटलीची तीन तिकिटं काढली. म्हटलं, तिकडे डोंगर नको, ओटी नको आणि सुरुचीताई तर नकोच नको.

आता माझी अक्कल बघा. गर्दी टाळायची म्हणून मी मोलिझे नावाचा प्रांत निवडला. तिथे खुद्द इटलीची माणसं फारशी फिरकत नाहीत, आणि तिथलं जुनं गाव म्हटलं की ते डोंगराच्या टोकावर असतं.

पहिल्याच गावात गाडी खाली ठेवली आणि दगडी पायऱ्या लागल्या. सासूबाईंनी वर पाहिलं, पदर खोचला आणि विचारलं, "वर कुठली देवी?"

"आई, इथे देवी नसते. जुनं गाव आहे, बघायचं."

"देवी नसताना एवढ्या पायऱ्या कोण बांधेल, जितेंद्रराव?"

त्या आमच्याआधी वर पोचल्या. वर पाण्याची टाकी आणि मोबाईलचा टॉवर होता. दुसऱ्या गावाच्या टोकाला तलवारींचं संग्रहालय निघालं. तिसऱ्या गावात वर कॉफीचं दुकान होतं आणि चार म्हातारे पत्ते कुटत बसले होते. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना मीच तिथे बसवलं होतं.

दर वेळी त्या वर जाऊन खांद्यावरच्या कापडी पिशवीत हात घालायच्या आणि तसाच बाहेर काढायच्या. शेवटी क्षितिजानं पिशवी उघडून पाहिली. आत तोच खण, तांदूळ, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या आणि नारळ. तो नारळ माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून इटलीला आला होता. त्या फक्त म्हणाल्या, "नवस माझा आहे. चुकवू कसा? पण भरू तरी कशी?" क्षितिजा हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडली. मी बाहेर चपला नीट लावत उभा राहिलो.

चौथ्या गावात, पंचमीला, वर खरंच मदर मेरीचं छोटं चर्च होतं. पण दुपारचा एक वाजलेला, दार बंद. दारापाशी खुर्चीत एक म्हातारी शेंगा सोलत होती. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे. नाव एलिसा, आणि चावी तिच्याच कमरेला. सासूबाईंचं घामेजलेलं तोंड बघून तिनं काही न विचारता दार उघडलं.

आत मेरी बाळाला घेऊन उभी. सासूबाई थबकल्या. "लेकुरवाळी आहे," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी पिशवी क्षितिजापुढे धरली. "तू भर."

क्षितिजानं हात पुढे केला, तोच एलिसानं मध्ये पडून पिशवी परत सासूबाईंच्या हातात कोंबली आणि तावातावानं बोलू लागली. मी फोनवरचं भाषांतर लावलं. फोनमधली बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "ओझं हिनं वाहिलं. मुलगी का देणार?"

सासूबाई फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "माझे मिस्टर वारले."

एलिसानं ऐकलं आणि खांदे उडवले. फोन म्हणाला, "माझाही मेला. एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून रोज हिला फुलं मीच घालते. तो जिवंत असताना एकदाही इथवर चढला नाही."

सासूबाईंना हसू फुटलं. सासरेही कधी जीवदानी चढले नव्हते. हसता हसता त्या रडायला लागल्या आणि रडतच त्यांनी ओटी भरली. हळद-कुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला. मग पाच मुठी तांदूळ. उरलेले तांदूळ आणि बांगड्या एलिसाच्या ॲप्रनमध्ये घातल्या, शेंगांवरच. एलिसानं बांगड्या तिथेच हातात चढवल्या, काळ्या बाहीवर हिरव्यागार. मला वाटलं, झालं, नवस फिटला. एवढी पायपीट कारणी लागली.

अष्टमीला आम्ही घरी आलो. नवमीला सकाळी सहाला सासूबाई पिशवीत नवा खण-नारळ घेऊन जिना उतरत होत्या, मागून मी जांभया देत. दारातून सुरुचीताईंनी विचारलं, "जीवदानीला का? मग ओटी कोण भरणार?"

"मी," सासूबाई म्हणाल्या आणि खाली उतरून रिक्षात बसल्या.