दोन हिसके

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की ओळखत असाल, असं वाटतं म्हणून? मला हल्ली सगळ्यांचाच संशय येतो. मालवणच्या धक्क्यावर दोन माणसं बोलता बोलता गप्प झाली, तरी वाटतं — यांना कळलंय.

मी विद्यापीठात सागरी पुरातत्त्व शिकवतो. समुद्राच्या तळाशी पडलेली जुनी जहाजं, त्यांचं सामान. शिकलोही इथेच, आमच्या किनाऱ्यावर. पाण्यात उतरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तुकडीत मी एकटाच सिंधुदुर्गातला. वालावलच्या तळ्यात पोहून वाढलेला, आणि ते सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगणारा. त्या फुशारकीमुळे सगळं झालं असं म्हणायचा मोह होतो. पण तसं नाही. मी घाबरलो.

तळाशी खडकांमध्ये एका जहाजाचा लोखंडी नांगर सापडला होता. त्याची जागा नकाशावर आणायची तर खडकात ठोकलेल्या दोन खिळ्यांपासून त्याच्यापर्यंत टेप धरायची. माझी जोडीदार मेधा नांगरापाशी आकडे वाचणार, मी शून्याचं टोक खिळ्यावर धरणार. पाण्याखाली बोलता येत नाही, आणि पाणी इतकं गढूळ की आम्ही एकमेकांना दिसतही नव्हतो. म्हणून ठरलं होतं — टेपला दोन हिसके म्हणजे टोक खिळ्यावर आहे, वाच.

पहिला खिळा उघड्यावर होता. दुसरा एका कपारीत, आत. कपार काळीकुट्ट. आत काहीतरी हललं — की मला तसं वाटलं? मी कपारीच्या पुरुषभर अलीकडच्या एका खडकावर टोक टेकवलं. आणि दोन हिसके दिले.

पडताळणीसाठी आणखी एका ठिकाणाहून तिसरं माप घ्यायचं असतं. टाकीतली हवा संपत आली होती, ते राहून गेलं.

पुढच्या हंगामात दुसऱ्या तुकडीने पुन्हा मोजलं, तर नांगर चांगला पुरुषभर सरकलेला. एवढं जड लोखंड लाटांनी सरकत नाही. आम्हाला शिकवणारे सर म्हणाले, कुणीतरी ओढून न्यायला बघतंय. आणि ती जागा बाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होती — ज्याच्या होडीतून आम्ही जायचो, त्या बाबलला.

सरांनी मला विचारलं, टोक खिळ्यावरच होतं ना? मी म्हणालो, हो. मग म्हणाले, तू इथला, तुला काय वाटतं बाबलबद्दल? इथे तरी मी गप्प राहू शकलो असतो, नाही का?

मी म्हणालो, "सांगता येत नाही, सर."

पोलिसांनी त्याला बोलावलं, सोडूनही दिलं. पण विद्यापीठाने होडी बदलली, मग पर्यटकांना फिरवणाऱ्यांनीही. मासळी बाजारात हाका सुरू झाल्या — "काय रे बाबल, नांगर खंय इकलंस?" तो हसायचा. एकदा मी समोर होतो तेव्हा हसला नाही. मला म्हणाला, "माजी होडी केवडी ती तुका ठावक आसा. तो नांगर चढयलो तर तळाक जातली." तुका ठावक आसा — होडीबद्दलच म्हणाला असेल ना? मी अजून तेच वाक्य उलटसुलट करून बघतो.

मेधाने एकदाच विचारलं होतं, त्या दिवशी टेप ढिली होती का रे? त्यानंतर मी तिला फोन करणं सोडलं.

बाबलने होडी विकली. आता रेडीला, खनिज भरतात त्या बंदरावर कामाला जातो.

गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन मी त्याच जागी उतरलो. कपारीत हात घातला. कोपरापर्यंतच खोल आहे ती. खिळा हाताला लागला.

आमच्या आणि त्या दुसऱ्या तुकडीचे ते दोन्ही नकाशे मी दर वर्षी वर्गात शेजारी शेजारी दाखवतो — समुद्रतळाच्या लुटीचं उदाहरण म्हणून. यंदा देवबागच्या एका मुलीने विचारलं, "सर, हे आमच्याकडच्या नांगरचोर बाबलचं काम ना?"

वर्ग हसला. मी पुढचं चित्र लावलं.